विस्मय शिळा का होतो? केडगाव, नगर आणि एक समुद्री गोगलगाय

पीएचडीच्या जवळजवळ प्रत्येक अर्जात एक वाक्य असतंच: 'मला लहानपणापासून कुतूहल आहे.' ते खोटं नसतं. पण हे कुतूहल तिसऱ्या वर्षी, तीच जेल दोनशेव्यांदा रन करताना, कुठे असेल? खरा प्रश्न हा आहे, आणि त्याची तयारी नेट-सेटच्या कुठल्याच पुस्तकात नाही. संशोधन अर्धवट सोडणाऱ्यांपैकी काही पैशामुळे सोडतात, काही गाईडमुळे. काही मात्र एवढ्याचसाठी सोडतात, की ज्या गोष्टीने एके काळी झोप उडवली होती, ती आता नुसती फाइल झालेली असते. राहतात त्यांच्यातही असे बरेच असतात, आणि मला वाटतं त्यांची अवस्था जास्त वाईट असते.

आज हा प्रश्न मी जरा आडवाटेने घेतेय. विज्ञानाच्या कितीतरी आधीपासून धर्मपरंपरा याच्याशी झगडत आल्या आहेत. एकदा थक्क करून गेलेली गोष्ट चाळीस वर्षांनीही थक्क करेल का? माझ्या घरात माळकरी वातावरण, त्यामुळे वारीचं उदाहरण घेणं सोपं होतं. पण उदाहरण जरा लांबचं असलं की आपण ते नीट तपासतो, घरचं असलं की नुसतं नमस्कार करून मोकळे होतो. म्हणून ख्रिस्ती श्रद्धेचं उदाहरण घेतेय. तेही फार लांबचं नाही. आमचं काष्टी दौंड-मनमाड रेल्वेमार्गावर आहे. उत्तरेला गेलात तर नगर लागतं, जिथे नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक राहिले. दक्षिणेला दौंडला जाऊन पुण्याच्या गाडीत बसलात तर केडगाव लागतं, जिथे पंडिता रमाबाई राहिल्या. (नगरला खेटून असलेलं केडगाव वेगळं. हे दौंड तालुक्यातलं. आमच्याकडे हा खुलासा नेहमी करावा लागतो.) या तिघांनीही लिहून ठेवलंय. पत्रं आहेत, आत्मकथन आहे, कविता आहेत. म्हणजे डेटा आहे.

आधी थोडं जीवशास्त्र.

अप्लिझिया नावाची एक समुद्री गोगलगाय आहे. तिच्या सायफनवर, म्हणजे पाणी बाहेर टाकणाऱ्या नळीवर, पाण्याचा हलका फवारा मारला की ती कल्ला चटकन आत ओढून घेते. पुन्हा मारला की पुन्हा ओढते, पण जरा कमी. आठ-दहा वेळा झालं की जवळजवळ दुर्लक्षच करते. याला हॅबिच्युएशन म्हणतात, आपल्या भाषेत सरावणं. बाजारच्या दिवशी काष्टीत नवखा माणूस कानावर हात ठेवतो आणि दुकानदार त्याच गोंगाटात झोप काढतो, तेच हे. एरिक कँडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की अशा वेळी संवेदी चेतापेशी पुढच्या चेतापेशीकडे कमी रसायन सोडू लागते. मज्जासंस्थेच्या या कामासाठी कँडल यांना २००० साली नोबेल मिळालं.

आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. गोगलगायीने प्रतिसाद देणं थांबवलं, तर ती थकली की सरावली, हे कसं ओळखायचं? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. उत्तर सुंदर आहे. तिच्या शेपटीला एक वेगळा, जोरदार धक्का द्या आणि मग पुन्हा तोच जुना हलका फवारा मारा. प्रतिसाद परत आला, तर स्नायू थकलेले नव्हते, ती सरावली होती. परत आलाच नाही, तर मात्र थकव्याची शक्यता धरावी लागते. याला डिसहॅबिच्युएशन म्हणतात. हा फरक वहीत लिहून ठेवा. 'मला आता काहीच वाटत नाही' म्हणणाऱ्या माणसाला विश्रांती हवी आहे की वेगळा धक्का, हे त्या वाक्यावरून कळत नाही. थकलेल्याला धक्के देणं क्रूरपणा आहे आणि सरावलेल्याला सुट्टी देणं बऱ्याचदा फुकट जातं. आपल्याकडे दोघांनाही एकच सल्ला मिळतो: जरा फिरून ये.

आणखी एक तपशील आहे, तो सोयीचा नाही. सलग दिलेल्या उद्दीपनाने आलेलं सरावलेपण थोड्या वेळाने आपोआप ओसरतं. पण तेच उद्दीपन काही दिवस, मध्ये अंतर ठेवून, नियमितपणे दिलं तर ते आठवडेच्या आठवडे टिकतं. आता चर्चमधली रविवारची उपासना डोळ्यांसमोर आणा. ठरलेला वार, ठरलेली वेळ, ठरलेली प्रार्थना. सरावलेपण पक्कं करण्याचा याहून चांगला प्रोटोकॉल सापडणार नाही! (लॅबमधली सोमवारची ग्रुप मीटिंगही त्याच जातीची.) म्हणजे नुसत्या नियमितपणाने विस्मय टिकतो असं म्हणता येत नाही. श्रद्धाळू लोकही तसं म्हणत नाहीत. उपासना यांत्रिक होते ही तक्रार त्यांच्याकडे फार जुनी आहे.

मग काहींचा विस्मय टिकतो तो कसा? गोगलगाय इथे सोडून द्यावी लागते, कारण तिला काही कळून घ्यायचं नसतं. डॅकर केल्टनर आणि जोनाथन हाइट यांनी २००३ साली विस्मयावर एक शोधनिबंध लिहिला. त्यांच्या मते विस्मयाला दोन गोष्टी लागतात. समोर आलेलं काहीतरी आपल्यापेक्षा फार मोठं वाटलं पाहिजे, आणि ते आपल्या डोक्यातल्या चौकटीत मावता कामा नये, म्हणजे चौकट बदलावी लागली पाहिजे. दुसरी कल्पना त्यांनी पियाजेकडून घेतली. याचा एक परिणाम लगेच लक्षात येतो. चौकट बदलून ती गोष्ट मावली, की विस्मय संपला. तो टिकायचा असेल तर ती गोष्ट बदललेल्या चौकटीतूनही पुन्हा बाहेर डोकावली पाहिजे. ती तशी डोकावते की नाही, हे बरंचसं आपण तिला काय विचारतो यावर असतं.

ही माझी मांडणी झाली. आता रमाबाईंवर ती घासून बघू.

रमाबाई डोंगरे, जन्म १८५८. वडील अनंतशास्त्री यांनी बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं, त्या काळात ते जवळजवळ पापच. दुष्काळात आईवडील गेले. भाऊ-बहीण पायी हिंडत पुराणं सांगत कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. पुढे लग्न, मुलगी मनोरमा, आणि १८८२ मध्ये वैधव्य. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि सप्टेंबरात वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इथवर सगळ्यांना माहीत असतं. पुढचा भाग शाळेच्या पुस्तकात येत नाही. बाप्तिस्म्यानंतर रमाबाई गप्प बसल्या नाहीत. ज्या सिस्टर जेराल्डीन यांच्याकडे त्या होत्या, त्यांच्याशी त्यांनी पत्रांतून अक्षरशः वाद घातला: त्रैक्याबद्दल, चर्चच्या अधिकाराबद्दल, स्वतःच्या बुद्धीने निर्णय घ्यायच्या हक्काबद्दल. ही पत्रं १९७७ साली ए. बी. शहा यांनी संपादित केली आणि महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने छापली. कुठल्याही विषयात संशोधन करणार असाल तरी वाचा. पंचविशीतली विधवा, परदेशात, लहान मुलीसह, ज्यांच्या आश्रयाला आहे त्यांनाच लिहितेय की मला हे पटल्याशिवाय मी मानणार नाही. सिस्टरना तो उद्धटपणा वाटला. मला त्यात उद्धटपणा दिसत नाही. ज्याला काही पडलेलं नसतं तो वाद घालत नाही, मान डोलावतो.

आणि मग १९०७ मध्ये, बाप्तिस्म्याला चोवीस वर्षं झाल्यावर, त्यांनी आपली साक्ष लिहिली. त्यात त्या सांगतात की ख्रिस्ती धर्म आपल्याला आधी सापडला, ख्रिस्त बराच नंतर, आठेक वर्षांनी. म्हणजे जगाच्या दृष्टीने १८८३ ला संपलेला प्रवास त्यांच्या दृष्टीने तेव्हा नीट सुरूही झाला नव्हता. त्या साक्षीच्या शीर्षकातच न संपणाऱ्या ठेव्याचा उल्लेख आहे. चौकट एकदा बदलली, त्यात सगळं बसलं, आणि काही वर्षांनी लक्षात आलं की मुख्य गोष्ट अजून बाहेरच आहे.

पण मला सगळ्यात मोठी वाटते ती शेवटची अठरा-एक वर्षं. केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं होतं, दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली-बायका तिथे राहत होत्या. १९०५ मध्ये तिथे मोठं आध्यात्मिक पुनरुज्जीवन झालं: रात्रंदिवस प्रार्थना, रडणं, हसणं. जगभरातल्या ख्रिस्ती नियतकालिकांत त्याची चर्चा झाली. विस्मयाचं उदाहरण म्हणून बहुतेक जण ही घटना सांगतील. मी नाही सांगणार. तो शेपटीला बसलेला धक्का होता. धक्क्याने काही काळ सगळं जागं होतं, यात वाद नाही, पण त्याच्यावर चाळीस वर्षं काढता येत नाहीत.

जवळपास त्याच सुमारास रमाबाईंनी एक शांत काम हाती घेतलं होतं. अख्ख्या बायबलचं मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून मराठी भाषांतर. तोवरची मराठी भाषांतरं संस्कृतप्रचुर होती, खेड्यातल्या बाईला न कळणारी, आणि त्यातले बरेच शब्द हिंदू धर्मकल्पना सोबत घेऊन येणारे होते. म्हणून त्या पन्नाशीकडे झुकताना हिब्रू-ग्रीकचा अभ्यास करायला बसल्या. गंमत बघा: जिला संस्कृतसाठी पदव्या मिळाल्या, ती बाई एकेक संस्कृत शब्द बाजूला काढून विचार करतेय की आमच्या मुलींना हे कसं कळेल. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात झाली, खिळे जुळवायला तिथल्याच बायका. १९२१ मध्ये मनोरमा गेली. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, भाषांतर पुरं करून. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं.

हे विस्मयाच्या प्रश्नाला कुठे लागू होतं? जे पुस्तक तुम्ही वीस वर्षं रोज वाचलंय, त्यातलं वाक्य डोळ्यांवरून घसरतं. ते सरावलेलं असतं. पण तेच वाक्य भाषांतर करायला घ्या. हा शब्द इथेच का? मूळ क्रियापद कुठल्या काळातलं? याला मराठीत काय म्हणू, 'कृपा' म्हणू की आणखी साधं काही? घसरणारं वाक्य अडकायला लागतं. डिसहॅबिच्युएशनसाठी बाहेरून धक्का यायची गरज उरत नाही, कामच ते करतं. शिवाय भाषांतर कुणासाठी तरी असतं. खेड्यातल्या बाईचे डोळे उसने घेऊन रमाबाई जुना मजकूर वाचत होत्या.

त्यांचं भाषांतर चर्चमध्ये सर्वमान्य झालं नाही, हेही सांगितलं पाहिजे. रोजच्या वापरात बायबल सोसायटीची आवृत्तीच राहिली. विस्मय टिकला म्हणून कामाला यश येतंच असं नाही. तुमच्या थीसिसचंही तसंच आहे. ती किती जण वाचतील याचा आकडा आत्ताच मनात धरू नका, त्रास होईल.

आता गाडी उलटी, नगरकडे.

टिळकांची गोष्ट ना. वा. टिळक म्हणून कवितेच्या तासाला तुम्हाला भेटलेली असते. फुलांमुलांचे कवी. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याआधी रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि डोंगरावरच्या प्रवचनाने ते हलले, हे प्रसिद्ध आहे. मला त्यांची नंतरची एक गोष्ट जास्त बोलकी वाटते. मराठी चर्चमध्ये तेव्हा बरीचशी गाणी भाषांतरित होती, इंग्रजी चालींवर बसवलेली. टिळकांनी अभंग लिहिले, ओव्या लिहिल्या, कीर्तनं केली. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. मजकूर दोन हजार वर्षं जुना, रूप मात्र आपल्या अंगणातलं. ऐकणाऱ्याला दोन्ही ओळखीचं, पण एकत्र कधी न ऐकलेलं.

हे टिळकांनी पहिल्यांदा केलं असं मात्र नाही. १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, मराठी ओव्यांत, पण रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळेच नव्हते. त्यात एक प्रसंग आहे. साष्टीतले (काष्टीतले नव्हे!) नव्याने ख्रिस्ती झालेले लोक पाद्रीला विचारतात, की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्या तोडीचं दुसरं काही द्याल की नाही? किती नेमकी तक्रार आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात प्रश्नोत्तरं मिळत होती. त्यांना हवी होती कथा, जिच्यात राहता येतं. तुमच्याकडे उद्या एखाद्या ज्युनिअरने येऊन सांगितलं की सर सूत्रं देतात, पण मला यात काय अद्भुत आहे तेच कळत नाही, तर तो साष्टीचाच माणूस समजा.

लक्ष्मीबाई वेगळ्याच. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळलं. पाच वर्षं त्या सोवळं-ओवळं धरून राहिल्या, रडल्या, रागावल्या, आणि १९०० मध्ये स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. हे सगळं 'स्मृतिचित्रे'मध्ये आहे. लिहायला-वाचायला लग्नानंतर शिकलेल्या बाईने साठी ओलांडल्यावर लिहिलेलं हे पुस्तक १९३४ पासून भागाभागाने आलं. वाचताना जाणवतं की त्या उतारवयातही स्वतःकडे बघून चकित होतायत: ती मी होते? मी असा विचार करत होते? चौकट बदलण्याची किंमत त्यांनी मोजली होती, म्हणून ती बदलल्याचं आश्चर्य त्यांना जन्मभर पुरलं असावं. हा माझा तर्क. टिळकांनी सुरू केलेलं 'ख्रिस्तायन' त्यांच्या मृत्यूनंतर हातात घेऊन तडीला नेलं तेही लक्ष्मीबाईंनीच.

आणि टिळक? बावीस वर्षं ख्रिस्ती राहिल्यावर, १९१७ मध्ये, त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र येतील, अशी कल्पना. पगार गेला, वय पंचावन्न. दोनच वर्षांत, १९१९ मध्ये, ते गेले. हा प्रयोग बरोबर होता की नाही यावर ख्रिस्ती समाजातही मतं वेगळी असतील. मला एवढंच दिसतं, की विस्मय जिवंत असलेला माणूस संस्थेला अवघड जातो. संशोधन संस्थेत जाणार आहात, तर हे माहीत असलेलं बरं.

चर्चच्या वर्षचक्राबद्दल थोडक्यात. ख्रिस्ती वर्षात सगळे रविवार सारखे नसतात. नाताळाच्या आधी आगमनकाळाचे चार रविवार, ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ. ईस्टरची तारीख चंद्रावर ठरते, त्यामुळे पाश्चात्य परंपरेत २२ मार्च ते २५ एप्रिलच्या मध्ये कुठेही पडते. म्हणजे आनंदाच्या आधी मुद्दाम कोरडा काळ ठेवलाय. उद्दीपन काही काळ काढून घेतलं की प्रतिसाद परत येतो, हे शरीरशास्त्राला विसाव्या शतकात नीट मांडता आलं. चर्चने ते कॅलेंडरात आधीच लिहून ठेवलं होतं.

आता तुमच्या-माझ्या बिरादरीतला एक ख्रिस्ती. मायकेल फॅरडे. लोहाराचा मुलगा, बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेला. त्याने विद्युतचुंबकीय प्रवर्तन शोधलं ते १८३१ साली, ज्या वर्षी अमेरिकन मराठी मिशन नगरला पोचलं. तो सँडेमेनियन नावाच्या एका लहानशा, कडक पंथाचा होता, शेवटपर्यंत. आपला धर्म तो व्याख्यानांत आणत नसे. पण रॉयल इन्स्टिट्यूशनमधली मुलांसाठीची नाताळ व्याख्यानं त्याने एकोणीस वेळा दिली, आणि त्यातली शेवटची, १८६०-६१ ची, मेणबत्तीवर होती. वय एकोणसत्तर. मेण वर कसं चढतं, ज्योत आतून काळपट का, धूर पुन्हा पेटतो कसा, जळून पाणी कसं तयार होतं. याच विषयावर तो बारा वर्षांपूर्वीही बोलला होता. रोज संध्याकाळी लागणारी वस्तू, म्हणजे सरावण्याची हद्दच, आणि समोर ती पहिल्यांदा बघणारी मुलं. रमाबाईंनी खेड्यातल्या बाईचे डोळे घेतले तसे यानेही उसने घेतले.

माझ्या मते दोघांच्यात समान धागा हाच आहे. दोघांनीही विस्मय वाटावा म्हणून काही केलं नाही. एकीला भाषांतर पुरं करायचं होतं, एकाला मुलांना मेणबत्ती समजावायची होती. 'मला पुन्हा पहिल्यासारखं वाटू दे' म्हणत बसणारा माणूस स्वतःच्या भावनेकडे बघत असतो, आणि तिकडे फार मोठं काही नसतं.

म्हणून एक साधी गोष्ट सुचवते. तुमच्या विषयातला एक पायाभूत पेपर घ्या, जो तुम्ही अनेकदा सायट केलाय आणि आता उघडतही नाही. त्यातला पहिला परिच्छेद मराठीत उतरवा, गुगल न वापरता. शेतावर काम करणाऱ्या तुमच्या चुलतीला वाचून दाखवायचा आहे असं समजून. चौथ्या-पाचव्या शब्दाला अडाल. मी सिनॅप्सला अडले. दोन दिवस घालवून 'जोड' केलं, मग लक्षात आलं की तिथे जोड नसतोच, फट असते, आणि त्या फटीतून काय काय जातं ते परत एकदा वाचायला बसले.